करिअर काउन्सेलरच्या नावाखाली काय छापायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दादर पश्चिमेला माझं डीटीपी आणि छपाईचं लहानसं दुकान आहे. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, लग्नपत्रिका, रबरी शिक्के, फ्लेक्सची डिझाइनं, असं सगळं करतो. मे महिना सरत आला की लग्नपत्रिका ओसरतात आणि दहावी-बारावीच्या निकालामागोमाग गुणगौरव सोहळे सुरू होतात. माजी नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक, गणेशोत्सव मंडळं, ज्ञातीची मंडळं, सगळ्यांना ‘गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व मोफत करिअर मार्गदर्शन शिबिर’ असा फ्लेक्स हवा असतो, आणि तो संध्याकाळपर्यंत हवा असतो. वर नेत्यांचे फोटो, खाली कार्यकर्त्यांचे फोटो, मधे उरलेल्या जागेत ‘प्रमुख मार्गदर्शक’. या मार्गदर्शकांच्या नावाआधी आणि नावाखाली काय छापायचं, ते बऱ्याचदा माझ्यासमोर बसूनच ठरतं. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही. आमच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाचं फोल्डर आहे आणि त्यात त्यांची आजवरची सगळी कार्डं एकाखाली एक पडलेली आहेत. सगळ्यात जुन्या कार्डावर ‘विमा सल्लागार’. त्यानंतर ‘फायनान्शियल प्लॅनर’. मग ‘मोटिव्हेशनल स्पीकर’, त्यात माइक धरून हात वर केलेला फोटो. लॉकडाउन उठल्यावर ‘लाइफ कोच’. आणि हल्लीच्या कार्डावर ‘सर्टिफाइड करिअर काउन्सेलर, सायकोमेट्रिक अ‍ॅनालिस्ट, स्टडी अब्रॉड एक्स्पर्ट’. मोबाइल नंबर पहिल्या कार्डापासून तोच. सर्टिफाइड म्हणजे कोणी केलं, असं मी सहज विचारलं. कुठल्याशा कंपनीचा शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स निघाला. कंपनीनं सर्टिफिकेटची पीडीएफ पाठवली होती. ती आमच्याचकडे ३०० जीएसएमच्या जाड कागदावर काढून, फ्रेम करून, त्यांच्या ऑफिसात खुर्चीमागे लागली आहे. (त्यावर सोनेरी फॉइलचा उठावदार शिक्काही हवा होता. ते काम आमच्याकडे होत नाही.)

पोटासाठी माणूस धंदा बदलतो, त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. मला खटकतं ते वेगळंच. या सगळ्या प्रवासात त्यांना एकदाही कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू शिकलास काय? विम्याचं काम करत होते तेव्हा निदान परीक्षा द्यावी लागली होती, लायसन्स होतं, त्याचा नंबर कार्डावर होता. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला ‘सायन्स घे’, ‘आर्ट्स घेऊ नकोस’ असं सांगायला मात्र कसलाच नंबर लागत नाही.

आता छापखान्याच्या बाजूनं सांगतो. निवडणुकीत मी साधं हँडबिल छापलं तरी त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता यावंच लागतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ क. प्रकाशकाकडून सही केलेलं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं निवेदन आधी घ्यावं लागतं. हे चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दोन दिवसांनी रस्त्यावर तुडवल्या जाणाऱ्या कागदाची ही कथा! आमच्या शेजारच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलेलं आहे. ‘आर्किटेक्ट’ हा शब्द १९७२ च्या कायद्यानं बांधलेला आहे. कौन्सिलकडे नोंदणी नसलेल्या माणसाला तो स्वतःसाठी वापरता येत नाही. घराची सजावट करून देणाऱ्या एकाला मी त्यावरून कार्ड परत पाठवलं होतं, तो रागावून दुसऱ्या दुकानात गेला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर १९९२ च्या कायद्याखाली आलेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. आणि ‘करिअर काउन्सेलर’? हा शब्द कुणीही छापून घ्यावा. आज सकाळी ठरवा, दुपारी कार्ड घेऊन जा.

हे नुसतं राहून गेलेलं नाही, हे मला आमच्याकडे येणाऱ्या एका क्लासवाल्या सरांमुळे कळलं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं क्लासच्या फसव्या जाहिरातींबद्दल नियमावली आणली. सर दोन्ही कागद घेऊनच दुकानात आले, कारण त्यांचे सगळे फ्लेक्स बदलायचे होते. ‘आमचा विद्यार्थी पहिला’ एवढं छापून आता भागत नाही. तो कुठल्या कोर्सला होता, पैसे भरून होता की फुकट, तेही सांगायला हवं. खुलासा तळाला मुंगीच्या अक्षरात टाकायची सोय गेली, दाव्याइतकाच ठळक हवा. आमच्या धंद्यातल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. शिक्षण मंत्रालयाच्या सूचनांत पुढे असं आहे की क्लासमध्ये शिकवणारा निदान पदवीधर असावा आणि शिक्षकांची पात्रता क्लासनं आपल्या वेबसाइटवर टाकावी. मी मान डोलावत वाचत होतो. मग व्याख्येपाशी आलो. कोचिंग म्हणजे काय हे सांगून झाल्यावर तिथे स्पष्ट म्हटलं आहे की यात काउन्सेलिंग, खेळ, नृत्य, नाटक वगैरे येत नाही. म्हणजे गणित शिकवणाऱ्यानं पदवी दाखवायची, आणि या पोरानं गणित घ्यावं की सोडावं हे सांगणारा नृत्य-नाटकाच्या रांगेत जाऊन बसला. माझा नाटकवाल्यांशी काही वाद नाही, उलट त्यांची तिकिटं आम्हीच छापायचो.

गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. तो आदेश विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल आहे, आणि त्यात मुलांच्या-किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण झालेलं असावं असंही म्हटलं आहे. चांगलंच झालं. पण मुंबईतल्या शाळांचा कारभार बघता, त्या एका खुर्चीत बसवलेल्या माणसाकडूनच करिअरचंही उरकून घेतलं जाईल अशी मला भीती वाटते. मग त्या खुर्चीत माझं ते जुनं गिऱ्हाईक बसलं तर ओळखणार कोण?

उलट अनुभवही सांगायला हवा, नाहीतर माझी नुसतीच कटकट वाटेल. माहीमला समुपदेशन करणाऱ्या एक बाई कार्ड करायला आल्या. मी आमच्या नेहमीच्या साच्यात त्यांचं नाव घालून प्रूफ काढलं, त्यात ‘करिअर एक्स्पर्ट’ असे शब्द आधीच होते. त्यांनी माझ्याच टेबलावरचं लाल पेन उचलून ‘एक्स्पर्ट’ खोडलं. नावाखाली ‘एम. ए. (मानसशास्त्र), मुंबई विद्यापीठ’ आणि पुढे वर्ष. त्याखाली एनसीईआरटीची गाइडन्स अँड काउन्सेलिंगची पदविका, तिचंही वर्ष. त्याखाली एक ओळ, ‘येथे मानसिक आजारांचे निदान किंवा औषधोपचार केले जात नाहीत’. आणि मागच्या बाजूला फी. मी म्हटलं, मॅडम, वर्षं कशाला, जागा जाते, आणि वय कळतं. त्या म्हणाल्या, “दादा, वर्ष असलं की कुणालाही विद्यापीठात जाऊन विचारता येतं.”

लॅमिनेशनचं मशीन तापायला वेळ लागतो, तेवढ्यात त्यांच्याकडून मी बरंच काही ऐकून घेतलं. एम. ए. ची दोन वर्षं म्हणजे पाया. चाचणी कशी तयार होते, आकडे कसे वाचायचे, हे तिथे कळतं. मुलासमोर बसायचं कसं, हे कुणा जाणत्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष केसेस हाताळूनच येतं. एनसीईआरटीची ती पदविका वर्षभराची. काही महिने घरून अभ्यास, काही महिने वर्गात बसून, आणि पुढे इंटर्नशिप. शनिवार-रविवारात ते होत नाही. मग त्यांनी मला कल आणि अभिक्षमता यांतला फरक सांगितला. कल म्हणजे मुलाला काय आवडतं, अभिक्षमता म्हणजे त्याला काय पटकन जमू शकेल. आवडतं ते जमेलच असं नाही आणि जमतं ते आवडेलच असंही नाही, म्हणून नुसत्या एका चाचणीवर काहीच ठरवायचं नसतं. मुलाशी आणि आईवडिलांशी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलावं लागतं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. चाचणीत मिळालेल्या गुणांना आपला असा अर्थ नसतो. त्याच वयाच्या, तशाच मुलांच्या मोठ्या गटाशी ते ताडून बघायचे असतात, आणि तो गट कुठला हे महत्त्वाचं. अभिक्षमतेची जी ‘डॅट’ नावाची चाचणी सगळीकडे ऐकू येते, ती मुळात १९४७ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तिथल्या मुलांवर बेतलेली किंवा इंग्रजी शब्दसंपत्तीवर चालणारी चाचणी परळच्या मराठी माध्यमातल्या पोराला दिली, तर त्याचा भाषेचा रकाना खाली जाणारच. मग काउन्सेलर सांगणार, वकिलीचा विचार सोडा. म्हणून त्या बाई पहिला प्रश्न विचारतात, “घरी कुठली भाषा बोलता?” शिबिराच्या मांडवात दीडशे पोरांना एकदम ‘मार्गदर्शन’ करणाऱ्या माणसानं हा प्रश्न विचारलेला मी तरी पाहिला नाही.

आता माझ्या घरचं. माझी भाची भांडुपला राहते. तिच्या दहावीच्या वर्षी मेव्हण्यांनी तिची बोटांच्या ठशांची चाचणी करून घेतली. दहाही बोटं मशीनवर ठेवायची, की मेंदूचा कुठला भाग किती टक्के ते कळतं आणि त्यावरून करिअर ठरतं, असा तो प्रकार. डीएमआयटी म्हणतात त्याला. फी भरपूर. अहवाल आला तो गुळगुळीत आर्ट पेपरवर, स्पायरल बाइंडिंग, पानोपानी रंगीत मेंदू. ताईनं तो मला दाखवला, भाऊ छपाईतला म्हणून. मी पहिली छपाई बघतो, मजकूर नंतर. भाचीचं नाव जिथे जिथे होतं तिथे अक्षराचं वळण बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित वेगळं होतं. लग्नपत्रिकेच्या पाकिटांवर पाहुण्यांची नावं आम्ही जशी यादीतून पाडतो, तसंच नाव पाडलेलं. शिवाय दोन-तीन ठिकाणी इंग्रजीत तिचा उल्लेख मुलगा म्हणून होता. कुणा मुलाच्या अहवालात हिचं नाव पडलेलं, एवढंच. शेवटच्या पानावर तिला जमतील असे व्यवसाय होते: डॉक्टर, वकील, उद्योजिका, फॅशन डिझायनर, पोलीस अधिकारी, प्राध्यापक. काय राहिलं?

बोटांच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मभर त्याच राहतात, म्हणून त्या आधारला चालतात, पोलिसांना चालतात. काही जन्मजात आनुवंशिक विकारांत डॉक्टर त्यांचा अभ्यास करतात हेही खरं. पण ठशावरून अकाउंट्स जमेल की केमिस्ट्री, हे ठरवण्याला शास्त्राचा आधार नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनंही तसं जाहीर केलेलं आहे. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला, त्यांचं नाव या लोकांच्या माहितीपत्रकात हमखास असतं. त्या सिद्धांताचा बोटांशी काडीचा संबंध नाही. भाचीनं अहवाल कपाटात ठेवला आणि शेजारचा दादा इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाला होता म्हणून तीही डिप्लोमाला गेली. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पुढे डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, हे त्या रंगीत पुस्तकात कुठेच नव्हतं.

मुंबईत हे सगळं नवं आहे असंही नाही. पारशी पंचायतीनं १९४७ मध्येच इथे व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं होतं आणि १९५० मध्ये मुंबई सरकारनं आपलं काढलं. शाळाशाळांतून शिक्षकांना प्रशिक्षण देऊन ‘करिअर मास्टर’ तयार करायची पद्धत होती. आमच्या लालबागच्या शाळेत ते काम भूगोलाच्या सरांकडे होतं. १९८२ चा गिरणी संप होऊन गेलेला, आमच्यातल्या निम्म्या पोरांचे बाप घरी बसलेले. सरांनी वर्गाच्या मागच्या भिंतीवर आयटीआयच्या ट्रेड्सचा तक्ता लावला होता. कुठल्या ट्रेडला किती वर्षं, नंतर अ‍ॅप्रेंटिसशिप कुठे, परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कधी अर्ज निघतात, बीईएसटीमध्ये कधी, सगळं हातानं लिहिलेलं, आणि तारीख बदलली की वर नवी चिठ्ठी चिकटवलेली. प्रत्येकाच्या घरी जाऊन बोलायचे. माझं चित्र बरं आणि गणित यथातथाच हे बघून जे. जे. च्या आवारातल्या सरकारी मुद्रण संस्थेचा अर्ज त्यांनीच आणून दिला. माझा बाप म्हणाला, छापखान्यात काय ठेवलंय? सर त्याला संस्थेत घेऊन गेले आणि मशीन दाखवलं.

सरांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. तेव्हा मी पदवीचा भक्त आहे असं कुणी समजू नये. पण त्यांनी प्रशिक्षण कुठे घेतलं हे शाळेला ठाऊक होतं, चुकलं तर हेडमास्तर विचारणार होते, आणि आम्हाला कुठे पाठवलं म्हणून त्यांना कुणी पैसे देत नव्हतं. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सरकारनं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी घेतली. शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा असे सात विभाग होते. उणिवा होत्या, पण फुकट होती, आणि तिच्यामागे कुठलं कॉलेज विकायला उभं नव्हतं.

कॉलेज विकणं कसं चालतं ते रबरी शिक्के बनवणाऱ्याला विचारा. दरवर्षी जूनच्या आसपास माझ्याकडे असे शिक्के बनवायला येतात: काउन्सेलरचं नाव, मोबाइल, आणि खाली ‘रेफरन्स कोड’ म्हणून एक आकडा. खासगी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांचे गठ्ठे सोबतच असतात. शिक्का पत्रकाच्या मागच्या पानावर मारायचा, म्हणजे ॲडमिशन कुणामार्फत आली ते कॉलेजला कळतं. पालकाला वाटतं सरांनी निःपक्षपाती सल्ला दिला. परदेशी शिक्षणवाल्यांचं तर विचारूच नका, तिथे पुष्कळदा काउन्सेलिंग फुकट असतं. फुकट का, हे पालकानं विचारावं.

म्हणून माझी मागणी एका ए-फोर कागदाची आहे. करिअर मार्गदर्शनासाठी पैसे घेणाऱ्यानं किंवा शिबिरात बोलणाऱ्यानं तो भिंतीवर लावावा. काय शिकलो, कुठे, कुठल्या वर्षी. कुणाच्या देखरेखीखाली किती काळ काम केलं. कुठली चाचणी वापरतो आणि ती कुठल्या भाषेत आहे. कुठल्या कॉलेजकडून, क्लासकडून किंवा एजंटाकडून पैसे मिळतात का, हो किंवा नाही. आणि हे सगळं ‘सर्टिफाइड’ या शब्दाच्याच आकारात. कायदा होईल तेव्हा होवो. शिक्षण खात्याला निदान शाळेत पाय ठेवणाऱ्या मार्गदर्शकांकडून हा कागद मागता येईल, आणि मंडळांना फ्लेक्सची ऑर्डर देण्याआधी. अनुभवी सुतार, नर्स, बँकेतला माणूस शिबिरात बोलायला आला तर जरूर यावा, त्याच्या धंद्याबद्दल त्याच्याइतकं कोण सांगणार? त्याच्या नावाखाली ‘अनुभवी सुतार’ छापावं, म्हणजे झालं.

शेवटी थोडं आपल्याकडेही बोट दाखवतो, राग नसावा. निकालाच्या दिवसांत आपल्या वृत्तपत्राच्या शैक्षणिक पुरवणीत बरेच लेख येतात आणि लेखाखाली ‘लेखक सुप्रसिद्ध करिअर काउन्सेलर आहेत’ अशी ओळ असते. सुप्रसिद्ध काढून त्या जागी शिक्षण, संस्था आणि वर्ष घालावं. त्याच पानावर त्याच लेखकाची जाहिरात असेल तर तेही लिहावं. ओळी एकाच्या दोन होतील, पण अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटनं उतरवला की आपल्या कॉलमच्या रुंदीत त्या नीट बसतात. मी काल दुकानात लावून पाहिलं आहे, हवी तर फाइल पाठवतो.

आपला,
एक मुद्रक, दादर (पश्चिम)

(नाव-पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. दुकानाची जाहिरात होऊ नये म्हणून कृपया छापू नये.)